पाठ वर, पोट खाली

तुळई चढवण्याआधी ती जमिनीवर टाकून एका टोकाला डोळा लावायचा, दुसरा मिटायचा. वखारवाला कितीही छातीठोकपणे सांगो, लांब लाकूड एका अंगाला जरासं फुगलेलं असतंच. ती त्याची पाठ. पाठ वर ठेवायची, पोट खाली. माळवदावर मातीचा थर पडला की पाठ दबते आणि तुळई सरळ दिसू लागते. उलटी बसली तर झोळ येतो, पावसाचं पाणी मधोमध साचतं, भिजलेली माती आणखी जड होते आणि झोळ वाढतच जातो.

या उठावाला इंजिनिअर ‘कॅम्बर’ म्हणतात. इंग्रजीत हा शब्द फ्रेंचमधून आला; त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ वाकडा, आत वळलेला. घरबांधणीत आणि जहाजबांधणीत तो सारखाच चालतो. जहाजाचा डेक मध्ये उंच आणि कडांना उतरता ठेवतात. उठाव साधारण रुंदीच्या पन्नासाव्या भागाइतका. वर चढलेली लाट दोन्ही बाजूंनी निथळून जाते. सुप्यावरून जाणाऱ्या नगर-पुणे रस्त्यालाही त्याच कारणासाठी मधून उंची असते.

समुद्र आमच्यापासून लांब, पण बाभळीपुरतं आमचं आणि जहाजवाल्यांचं एकमत. कच्छमधल्या मांडवीला लाकडी जहाजांच्या बरगड्यांसाठी वाकडी बाभूळ निवडून घेतात. आमच्याकडेही नांगराच्या खोडासाठी जुने सुतार बांधावरची वाकडी बाभूळच हेरून ठेवत. सरळ ओंडक्यातून बाक कापला की रेषे आडवे तुटतात आणि जोर आला की लाकूड तिथेच चिरतं. झाड स्वतः वळलं असेल, तर रेषेही त्याच्याबरोबर वळलेले असतात. वाकस हाणायच्या आधी ते पाहायचं.

मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली सागवानी युद्धनौका ‘ट्रिंकोमाली’ १८१७ साली पाण्यात उतरली. ती आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. चांगलं सागवान आणि नीट सांधे किती टिकतात, ते तिच्याकडे पाहून कळावं.

आता एमआयडीसीतल्या शेडचे लांब गर्डरही कारखान्यातूनच उठाव देऊन येतात. नकाशावर तो मिलिमीटरमध्ये लिहिलेला असतो, पण क्रेन लागली की नकाशा कोण उघडतो? म्हणून ओळखीच्या फिटरांना मी एकच सांगतो: गर्डर खाली असतानाच दोरी ताणून पाठ बघा आणि तिच्यावर रंगाने बाण मारा. लाकूड असो की लोखंड, वर गेल्यावर उलटवायचा खर्च कुणालाच परवडत नाही.