दिलेली गोधडी

गोधडी ही मुळात भेटवस्तू नव्हे. ती घरातल्या घरात फिरणारी वस्तू आहे. आजीचे लुगडे विरले की त्याचे जुनेर होते, जुनेराची गोधडी होते आणि ती आजीच्याच नातवाच्या अंगावर पडते. शिवणारी, पांघरणारा आणि कापड एकाच घरचे असल्यामुळे ‘ह्याला हिची किंमत कळेल का?’ हे कुणाच्या मनातही येत नसे. गोधडी उंबरठा ओलांडून मैत्रिणीच्या सुनेला, कचेरीतल्या सहकाऱ्याला, परदेशी निघालेल्या शेजारच्या मुलाला दिली जाऊ लागली, तेव्हापासून हा प्रश्न शिवणारीच्या मागे लागला.

कोल्हापूर-सांगलीकडे गोधडीला वाकळ म्हणतात, तान्ह्या मुलासाठी असते ते दुपटे. पण बांधणी सगळीकडे जवळपास तीच. सारवलेल्या किंवा पुसून कोरड्या केलेल्या जमिनीवर अस्तर ताणून पसरायचे, त्यावर जुनेराची भर सुरकुती न पडू देता लावायची, वर खोळीचे कापड. कच्चे टाके घालून थर जागच्या जागी धरायचे आणि मग कडेपासून धावदोरा सुरू. नऊवारी लुगडे म्हणजे 27 फूट कापड. त्याच्या चार घड्या केल्या की पावणेसात फूट लांबीचे चार थर आयतेच मिळतात. सात फूट लांब आणि पाच फूट रुंद गोधडीत बोटाबोटाच्या अंतरावर ओळी घातल्या, तर सुमारे ऐंशी ओळी होतात. इंचाला तीन टाके धरले तर एका ओळीत अडीचशे आणि सबंध गोधडीत वीस हजार. बोटाला चिंधी गुंडाळली तरी सुईचे टोक कुठे ना कुठे लागतेच.

घेणाऱ्याला यातले काही दिसत नाही. टाका कापडात बुडतो, गाठ भरीत लपवलेली असते. शिवणारी बाई दुसरीने केलेली गोधडी हातात आली की आधी उलटी करते आणि मागच्या बाजूचे टाके पुढच्याइतकेच सारखे आहेत का ते पाहते. न शिवणारा माणूस रंग बघतो, हाताने वजन अजमावतो आणि ‘घरी केली का?’ असे विचारतो. त्याला दोष देता येत नाही. त्याच्याकडे दुकानातले पांघरूण आहे. ते हलके आहे, मऊ आहे, यंत्रात धुता येते आणि लवकर वाळते. भिजलेली गोधडी पिळायला दोन माणसे लागतात आणि ती वाळायला फ्लॅटची अख्खी गॅलरी अडते. गावाकडे घटस्थापनेआधी घरातले सगळे अंथरूण-पांघरूण नदीवर नेऊन धुण्याची रीत आहे. तिथे दगड, उतार, ऊन आणि हात सगळे मुबलक असते. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याची नाराजी पुष्कळदा कलेवर नसते, ओल्या वजनावर असते.

दुसरी अडचण जुन्या कापडाची. ज्याला गोधडीची सवय नाही त्याच्या लेखी जुनेर म्हणजे कुणाचे तरी उतरलेले कपडे, आणि उतरलेले देणे हा अपमान. गोधडीवर गरिबीचा शिक्का जुनाच आहे. गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा म्हणत, ते अंगावरच्या चिंध्यांच्या वस्त्रावरून. म्हणून रुखवतात मांडायची किंवा बाहेर द्यायची गोधडी हल्ली पुष्कळ जणी नव्या कापडाची करतात. तसे केल्याने अपमान टळतो, पण मऊपणाही जातो. नव्या कापडातली खळ निघायला दोन-चार धुणी लागतात. पंधरा वर्षे अंगावर वागवलेल्या सुती पातळाची सर नव्या गोधडीला तेवढ्यानेही येत नाही.

कदर न होण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत गोधडी इस्त्रीखाली जाते, सामान हलवताना फ्रिजभोवती बांधली जाते, कुत्र्याच्या वाट्याला येते. दुसरीत ती प्लास्टिकच्या पिशवीत, डांबराच्या गोळ्यांसह माळ्यावर चढते. देणारी घरी आली की ती लगबगीने पलंगावर अंथरली जाते, पण घडीच्या रेषा करकरीत असतात आणि त्या रेषा शिवणारीला पहिल्या नजरेत दिसतात. वरवर ही दुसरी तऱ्हा आदराची वाटते. खरे तर तीच वाईट. घडीवर कापड कुजते, कसर लागते. कुत्र्याखालच्या गोधडीने निदान कुणाला तरी ऊब दिलेली असते.

अनुभवी हात यावर काही वाटा काढतात. सगळ्यात खात्रीची वाट म्हणजे ज्याला द्यायची त्याच्याच घरचे एखादे पातळ, धोतर, लहानपणीचा फ्रॉक आधी मागून घेणे आणि तो तुकडा खोळीवर, सहज नजरेला पडेल असा बसवणे. मग गोधडी वाचता येते. ‘हा आईच्या पातळाचा काठ’ असे एकदा तोंडून निघाले की ती फ्रिजभोवती बांधली जात नाही. मात्र विचारल्याशिवाय हे करू नये. गेलेल्या माणसाचे कापड काही घरांत जपतात, काही घरांत नकोसे असते. कर्नाटकात उत्तर कन्नडमधल्या सिद्दी समाजातल्या बायका आपल्या गोधडीच्या, म्हणजे कवंदीच्या, चारही कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची ‘फुलं’ लावतात. त्यांवाचून कवंदी पुरी झाली असे मानत नाहीत. अशी एखादी खूण परक्यालाही दिसते. वीस हजार टाके दिसत नाहीत.

माणसाचा अंदाज नसेल तर आधी दुपटे द्यावे. तीन फुटी चौकोन चार-सहा दुपारींत होतो, हातावर वाळतो, आणि बाळ असलेल्या घरात तो वापरला जातोच. गंमत अशी की दुपट्याला दाद मिळावी ही अपेक्षाच कुणी ठेवत नाही. ज्याला ते दिले तो त्यावर मुततो आणि शिवणारी हसते. मोठ्या माणसाला दिलेल्या गोधडीच्या बाबतीत हाच हिशेब का बदलतो, याचे समाधानकारक उत्तर शिवणाऱ्यांकडे नसते.

दिलेल्या गोधडीची खरी बातमी ती दुरुस्तीला परत येते तेव्हा कळते. रोज पांघरलेल्या गोधडीचा गळ्याकडचा काठ आधी जातो, कारण झोपेत तीच बाजू मुठीत धरून ओढली जाते. मग पायाकडची बाजू विरते, टाचांनी. मधला भाग पुष्कळ दिवस टिकतो. अशी गोधडी उसवायची नसते. फाटक्या कडा कापून तिच्या वर-खाली नवे कापड घालायचे आणि पुन्हा कडेपासून धावदोरा सुरू करायचा. जुने टाके तसेच आत राहतात.