पणजोबांचा तांब्या

नागपूरला उन्हाळ्यात येऊ नये, असे आम्ही पाहुण्यांना बजावतो. पण कॉलेजांचे प्रवेश नेमके जूनमध्येच असतात, त्याला काय करावे? मुलीला घेऊन सिव्हिल लाइन्समधल्या हिस्लॉप कॉलेजकडे निघालो, तेव्हा आई म्हणाली, "अरे, पणजोबांच्या तांब्याची गोष्ट सांग तिला!"

गोष्ट लहानशी आहे. पणजोबा मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकायला जात, तेव्हा घरून तांब्या भरून नेत. तिथली विद्या घ्यायची, पाणी मात्र घ्यायचे नाही, असा वाड्याचा दंडक होता. तांब्या अजून आमच्या फडताळात आहे.

ज्यांच्या नावाने हे कॉलेज आहे, ते स्टीफन हिस्लॉप १८४५ साली स्कॉटलंडहून नागपुरात आले. तेव्हा इथे भोसल्यांचे राज्य होते. पुढच्याच वर्षी त्यांनी शाळा काढली. शाळेत बायबल शिकवले जाई आणि मुलांनी ख्रिस्ताला शरण यावे, ही इच्छा त्यांनी कधी लपवली नाही. बहुतेकांनी मात्र आमच्या पणजोबांसारखेच केले. इंग्रजी घेतले, गणित घेतले आणि बाकीचे नमस्कार करून परत दिले. कॉलेज निघाले १८८३ साली, हिस्लॉप जाऊन वीस वर्षे झाल्यावर.

"बाबा, मग त्यांना काय मिळाले?" रांगेत उभ्या असलेल्या मुलीने विचारले.

मला चीनची आठवण झाली. तिथेही मिशनऱ्यांनी शांघायचे सेंट जॉन्स, पेकिंगचे येनचिंग अशी मोठी विद्यापीठे उभारली. १९५२ साली नव्या राजवटीने ती मोडून इतर विद्यापीठांत वाटून टाकली. येनचिंगच्या आवारात आज पेकिंग विद्यापीठ आहे. विद्या राहिली, नाव गेले. आपल्या गावाने नाव तरी राखले, असे म्हणून मी समाधान मानणार होतो. पण तेवढ्याने प्रश्न सुटत नव्हता.

शिकवायला आलेला हा माणूस इथे शिकतच राहिला होता. त्याने गोंडांची गाणी टिपून घेतली, खडकांतले जीवाश्म गोळा केले. नागपूरजवळच्या एका हिरव्या खनिजाला त्याचे नाव आहे. टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहायला तो गेला आणि ४ सप्टेंबर १८६३ रोजी परतताना पुराच्या पाण्यात बुडाला. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथले. पण ती वर्तुळे मी अजून पाहिलेली नाहीत. त्याचा धर्म आम्ही परत केला, ते आमच्या मनाचे झाले. पण त्याचे कुतूहलही त्याच तांब्याआड राहून गेले, ही चूक आमचीच.

"टाकळघाटला जायचे का आपण?" मी विचारले.

"पाऊस पडू दे की आधी!" ती हसली.

ऊन रणरणत होते. तिने कॉलेजच्या नळाला ओंजळ लावली. मग मीही लावली.