सोसायटीचा सभासद

नवी मुंबईतल्या खारघरमध्ये कुठल्याही सेक्टरचा पत्ता सांगताना ‘सोसायटी’ हा शब्द टाळता येत नाही. रिक्षा सोसायटीच्या गेटपाशी थांबते तेव्हा सोसायटी म्हणजे इमारत. पार्किंगला सोसायटीने नकार दिला तर ती कमिटी. पाहुण्यांची गाडी आत घ्यायची नाही असं सोसायटीने ठरवलं, की तोच शब्द सगळ्या रहिवाशांना मिळून वापरला जातो. घाटावरच्या गावात हा शब्द आणखी पुढे गेला आहे. तिथे ‘सोसायटी काढली’ म्हणजे पीककर्ज उचललं आणि ‘सोसायटी भरली’ म्हणजे मार्चअखेर ते फेडलं. शिक्षकाच्या पगारातून कापून जातो तो सोसायटीचा हप्ता. मुळात लॅटिनमधल्या ‘सोबती’ या अर्थाच्या शब्दापासून आलेली ही इंग्रजी संज्ञा. आधी ती नुसत्या सोबतीसाठी होती. मग लंडनच्या 1660 च्या रॉयल सोसायटीसारख्या विद्वानांच्या मंडळासाठी वापरात आली आणि हळूहळू तिच्यात अख्खा मानवसमूह मावू लागला. 1844 मध्ये इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या विणकरांनी आणि कारागिरांनी वर्गणी काढून किराणा दुकान उघडलं तेव्हा त्यांनीही हेच नाव घेतलं. आपल्याकडे सहकारी पतसंस्थांचा कायदा 1904 चा. मराठी शेतकऱ्याच्या तोंडी सोसायटी बसली ती रॉचडेलची, लंडनच्या विद्वानांची नव्हे.

इंग्रजीत जो एकच शब्द राहिला, त्याचं काम मराठीने दोन शब्दांत वाटून दिलं. एकोणिसाव्या शतकातल्या सुधारकांनी ‘समाज’ हा शब्द निवडला. प्रार्थना समाज 1867 चा, सत्यशोधक समाज 1873 चा. पुण्यात 1905 मध्ये गोखल्यांनी सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी काढली, ती मराठीत भारत सेवक समाज झाली. म्हणजे तोवर हे दोन शब्द हातात हात घालून चालत होते. पुढे वाटा फुटल्या. ‘आमच्या समाजातलं स्थळ’, ‘समाजाचा हॉल’, ‘समाजाची बैठक’ अशा रोजच्या बोलण्यात समाज म्हणजे जात उरली. आपुलकी, नातं, अभिमान हे सगळं त्या शब्दाकडे गेलं. सोसायटीकडे आली ती वही, पावती, थकबाकी आणि सप्टेंबरअखेर घ्यायची वार्षिक सभा. ही घसरण झाली, सोबतीचा शब्द मेंटेनन्सच्या बिलावर येऊन पडला, असं हळहळून म्हणणारे पुष्कळ भेटतील. मला ते पटत नाही. या शब्दाच्या साऱ्या अर्थांत हा हिशेबी अर्थच मला सर्वांत मोलाचा वाटतो.

कारण खारघरसारख्या ठिकाणी दुसरा कुठला अर्थ माणसांना एकत्र आणू शकला असता? 1970 मध्ये सिडको स्थापन झाली, ओवे, कोपरा, बेलपाडा, मुर्बी या गावांच्या जमिनी नव्या शहरात गेल्या. शेतकऱ्याला गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यात साडेबारा टक्के योजनेत मिळालेल्या प्लॉटवर इमारत उभी राहिली, की तिच्या सभासद-नोंदवहीत गावठाणातल्या आगरी कुटुंबाशेजारी साताऱ्याचा, केरळचा, बिहारचा माणूस येऊन बसतो. यांचा समाज एक नाही, होणारही नाही. पण प्रत्येकाच्या कपाटात एक शेअर सर्टिफिकेट असतं. त्यावर 50 रुपयांचे पाच किंवा दहा शेअर, खाली चेअरमन, सेक्रेटरी आणि कमिटीचा एक सदस्य यांच्या सह्या. वन बीएचके असो वा थ्री बीएचके, सभेत मत एकच.

खारघर ज्या रायगड जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यात गावकीने कुटुंबं वाळीत टाकल्याची प्रकरणं इतकी गाजली, की सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा कायदा करायला भाग पाडणाऱ्या घटनांत त्यांची ठळक गणना होते. वाळीत टाकायला ना नोटीस लागते ना नोंद, पारावरचा शब्द पुरतो. उलट सहकारी संस्थेच्या सभासदाला काढायचं तर 1960 च्या सहकार कायद्याचं कलम 35 आडवं येतं. त्याला आपली बाजू मांडू द्यावी लागते, त्यासाठीच बोलावलेल्या सभेत तीन चतुर्थांश बहुमत लागतं, वर निबंधकाची मान्यता. ज्याला शेजाऱ्यांची माया लाभलेली नाही, त्याला या रुक्ष तरतुदीत किती आधार आहे याचा विचार व्हायला हवा.

यावर एक आक्षेप खरा आहे. मुंबईत गावदेवीला 1915 मध्ये उभी राहिलेली सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी ही गृहनिर्माणातली आद्य संस्था, आणि ती एका ज्ञातीचीच होती. अहमदाबादच्या झोरोॲस्ट्रियन सोसायटीच्या खटल्यात 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पारशांपुरतं सभासदत्व ठेवणारा उपविधी वैध मानला. म्हणजे सोसायटीच्या वहीतही समाज शिरू शकतो, आणि आजही फ्लॅट कुणाला द्यायचा याच्या दबक्या चर्चा होतात. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण उपविधी लेखी असतो, म्हणून त्याच्यावर खटला भरता येतो, दोन तृतीयांश मतांनी तो बदलताही येतो. दबकी चर्चा ही समाजाची जुनी सवय आहे. ती वहीत लिहायची कुणाची हिंमत होत नाही, हेही काही कमी नाही. ‘सोसायटी’ऐवजी ‘संस्था’ म्हणा, हा आग्रह तर मला दुय्यमच वाटतो. सरकारी कागदावर सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित असंच आहे, आणि त्याने कुणाचा हक्क वाढला वा घटला नाही.

खरी उणीव वेगळीच आहे. खारघरमध्ये भाडेकरू पुष्कळ. निफ्टसारख्या संस्थांत शिकणारी मुलं, टाटाच्या ॲक्ट्रेक कर्करोग केंद्रात उपचारांसाठी आलेल्या रुग्णाचे नातेवाईक, बदलीवर आलेले नोकरदार. पाणी आलं नाही की त्यांचीही बादली कोरडी, लिफ्ट बंद पडली की त्यांचेही गुडघे दुखतात, आणि पार्किंगचा ठराव त्यांनाही लागू. त्या ठरावावर त्यांना मत नाही. सोसायटीत राहूनही ते सोसायटीत नसतात. मालकी नसलेल्याला इमारतीच्या भांडवली खर्चावर मत कशाला, हा मुद्दा मला मान्य आहे. मात्र पाण्याच्या वेळा, पाहुण्यांचे नियम, रात्रीचं गेट यांवर सभेत उभं राहून बोलायची मुभा त्यांना द्यायला कमिटीला कायदा बदलण्याची वाट पाहावी लागत नाही. येत्या सप्टेंबरच्या सभेची नोटीस भाडेकरूंच्या दारातही टाकली तरी सुरुवात होईल.