करारात काय लिहू नये

स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे ब्लॉकचेनवर आपोआप चालणारा करार, लिहायला बसलं की आधी कंजुषी अंगी बाणवावी लागते. वेबसाइट रात्री बिघडली तर सकाळी दुरुस्त करून पुन्हा चढवता येते. कॉन्ट्रॅक्ट एकदा डिप्लॉय झालं, म्हणजे साखळीवर चढलं, की त्या पत्त्यावरचा कोड दुरुस्त करता येत नाही, आणि त्यात लोकांचे पैसे असतात. नोंद करायला गॅस, म्हणजे शुल्क, लागतं, आणि इथेरियमवर एका कॉन्ट्रॅक्टचा कोड २४,५७६ बाइटच्या पुढे जाऊ शकत नाही. सुरुवातीला ही मर्यादा जाचायची. आता ती हवीशी वाटते, कारण जी ओळ लिहिलीच नाही तिच्यातून कुणी पैसे पळवू शकत नाही.

जून २०१६ मध्ये ‘द डाओ’ या इथेरियमवरच्या सामायिक गुंतवणूक निधीतून ३६ लाखांहून अधिक इथर, म्हणजे इथेरियमचं चलन, चोरीला गेले. चूक क्रमाची होती: पैसे आधी पाठवले जात, शिल्लक नंतर कमी होई. पासबुकात नोंद करण्याआधी रोकड देणाऱ्या कॅशियरपुढे कुणी तेवढ्यात पुन्हा हात पसरावा, तसं झालं. म्हणून आम्ही घोकतो: आधी अट तपासा, मग आपली नोंद बदला, पैसे सगळ्यात शेवटी. नोव्हेंबर २०१७ मध्ये पॅरिटी या कंपनीच्या वॉलेटांचं वेगळंच झालं. अनेक वॉलेटं ज्या एका लायब्ररी कॉन्ट्रॅक्टवर विसंबून होती, त्याची मालकी कुणीच नोंदवलेली नव्हती. एकाने ती स्वतःकडे घेतली आणि कॉन्ट्रॅक्ट नष्ट केलं. पाच लाखांहून अधिक इथर जागच्या जागी अडकले. कुणालाच ते मिळाले नाहीत.

ही प्रकरणं माहीत असली की चाचण्यांचा कंटाळा येत नाही. पॉलिगॉन या ब्लॉकचेनच्या टेस्टनेटचं, म्हणजे चाचणीसाठीच्या साखळीचं, नाव एप्रिल २०२४ पर्यंत ‘मुंबई’ होतं, त्यामुळे गाझियाबादेत इंदिरापुरमच्या फ्लॅटमध्ये बसून मी ‘मुंबईवर चढवलंय’ असं सांगत असे. आता तिच्या जागी ‘अमॉय’ आहे. टेस्टनेटवरचे पैसे खोटे, पण सवयी खऱ्या लागतात. त्याच्याही आधी फाउंड्री या चाचणीच्या साधनात हजारो वेड्यावाकड्या किमती फेकून एकच गोष्ट पाहायची: सगळ्या खात्यांची बेरीज एकूण जमेशी जुळते का?

आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त गृहस्थांना हे काम कळलं, तेव्हा त्यांनी विचारलं, “बेटा, हमारी रजिस्ट्री इसपे नहीं चढ़ सकती?” या भागात पैसे भरूनही ताब्यासाठी किंवा रजिस्ट्रीसाठी ताटकळलेली माणसं सहज भेटतात, त्यामुळे प्रश्न अगदी रास्त होता. मी म्हटलं, चढेल, पण बिल्डर ताबा देत नसेल तर कॉन्ट्रॅक्ट कुलूप उघडणार नाही. ते हसले. मग आपल्या फाइलमधले कागद मला दाखवत बसले.

गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीचं उदाहरण मला म्हणूनच पटतं. २०२२ मध्ये तिथली सुमारे ६५,००० जात प्रमाणपत्रं पॉलिगॉनवर नोंदवण्याचं काम ‘लेजिटडॉक’ या कंपनीने हाती घेतलं. अशा नोंदीची खुबी तिच्या आखूडपणात आहे. दाखल्याचा मजकूर साखळीवर न टाकता त्याचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला छोटा ठसा, ठेवला तरी काम भागतं. कागदातलं एक अक्षर बदललं तरी हॅश जुळत नाही. अर्जदार सांगतो त्याच जातीचा आहे का, हे ठरवायला मात्र अधिकाऱ्यानेच पुरावे तपासायचे. चुकीचा दाखला दिला गेला, तर साखळी तो चुकीचा दाखलाच इमानाने जपेल.

डिप्लॉय करण्याआधी माझा सगळ्यात जास्त वेळ कोडबाहेरच्या एका प्रश्नावर जातो. प्रॉक्सी, म्हणजे आलेलं काम दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टच्या कोडकडे सोपवणारं कॉन्ट्रॅक्ट, वापरली की पत्ता तोच ठेवून मागचा कोड बदलता येतो. ग्राहकाला ही सोय हवीच असते, पण तिची किल्ली कुणाकडे, हे बहुतेकांनी ठरवलेलं नसतं. एका संस्थापकाच्या लॅपटॉपवर ती असेल, तर ‘बदलता न येणारं’ हे जाहिरातीतलं वचन त्या लॅपटॉपइतकंच पक्कं. म्हणून मी आग्रह धरतो: पाचांपैकी तिघांच्या सह्या लागाव्यात, आणि बदल जाहीर झाल्यावर दोन दिवसांनीच लागू व्हावा, म्हणजे ज्याला तो पटत नाही त्याला पैसे काढून घेता येतील. ग्राहक कुरकुरतात की काम मंदावेल. मंदावू दे. पाच जण कोण, हे ते लिहून देईपर्यंत मेननेटवर, म्हणजे खऱ्या पैशांच्या साखळीवर, कॉन्ट्रॅक्ट चढवायला मी तयार नसतो.