निपाणीची कात्री आणि उद्यमबागेतील पाट्या

निपाणीहून बेळगावला निघालेल्या मोटारीत खिडकीजवळची जागा मिळाली, की मी हातातले पुस्तक मिटून ठेवतो. तंबाखूचा उग्र दर्प मागे पडतो, तवंदीचा घाट लागतो, आणि संकेश्वर, हत्तरगी, काकती असे करीत गाडी बेळगावात शिरते. परगावचे पाहुणे ह्या शहरात कुंदा नि मांडे शोधतात. उद्यमबागेकडे सहसा कोणी फिरकत नाही. वास्तविक ओतीव लोखंडाच्या कामासाठी बेळगावचे नाव दूरवर आहे, आणि गोगटे अभियांत्रिकी महाविद्यालयही 1979 पासून ह्याच भागात उभे आहे.

तेथील एका लहानशा कारखान्यात माझा एक जुना विद्यार्थी देखरेखीचे काम करतो. शेतपंपांच्या नियंत्रणपेट्यांत बसणारे सर्किट बोर्ड तेथे तयार होतात. काचतंतूंचे कापड राळेत बसवून केलेली, सुमारे दीड मिलिमीटर जाडीची ती हिरवी पाटी. ती एकेकटी घडवीत नाहीत. एका मोठ्या पॅनेलवर दहा-बारा बोर्ड शेजारी शेजारी असतात, त्यांवर सुटे भाग डकवले जातात आणि शेवटी ते परस्परांपासून वेगळे करतात. आईच्या हातच्या वड्यांची मला आठवण झाली. थापायच्या एकत्र, मग सुरीने रेघा ओढायच्या.

येथेही रेघाच असतात. पाटीच्या दोन्ही अंगांनी इंग्रजी व्ही अक्षरासारखी चर पाडतात. मध्ये साधारण एकतृतीयांश जाडी उरते. ती हाताने वाकवली की कट्कन तुटते.

हे तोडण्याचे काम एक प्रौढ बाई करीत होत्या. माहेर निपाणीकडचे, आईने आयुष्यभर विड्या वळल्या. पत्र्याचा साचा पानावर ठेवून कात्री कशी चालवायची, हे त्या सातव्या वर्षीच शिकल्या होत्या. त्यांच्या हाताची लय पाहात राहावी अशी होती.

“सर, हात उत्तम आहे, पण घोटाळा तिथेच आहे,” विद्यार्थी हलक्या आवाजात म्हणाला. कारखान्यात तपासणीत उतरलेले काही बोर्ड शेतावर दोन-तीन महिन्यांनी बंद पडत होते. भिंगाखाली त्याने मला एक कपॅसिटर दाखविला. चिनी मातीच्या जातीचा, तांदळाच्या कणीएवढा. पाटी वाकताना तो वाकत नाही, तडकतो. तडा केसाहून बारीक. पुढे त्यात ओल शिरते आणि वीज आडवाटेने धावू लागते. चरेला लागून, तिच्याशी काटकोनात बसविलेल्या भागांना धोका अधिक. म्हणजे निम्मा दोष आराखडा काढणाऱ्याचा! आमच्या शिक्षणखात्यातही शेवटच्या माणसावरच ठपका येतो.

उपाय अनेक आहेत. फिरत्या गोल पात्याने चरेवरून कापले, तर वाकणे पुष्कळ कमी होते. राउटरची बारीक सुई कोणताही वळणदार आकार कोरून काढते. मात्र काचेची धूळ उडते, ती शोषून घ्यावी लागते, आणि दोन बोर्डांमध्ये सुईपुरती जागा सोडावी लागते. लेसर किरणांनी ताण जवळजवळ येतच नाही, पण यंत्र महाग. मालकांनी गोल पात्याचे यंत्र मागविले होते.

बाईंच्या कानावर ते गेलेच होते. विडीच्या धंद्यात ‘छाट’ म्हणून विड्या बाजूला टाकीत आणि त्यांची मजुरी बुडे, हे त्यांनी घरी पाहिलेले. त्यांनी मलाच विचारले, “गुरुजी, ते यंत्र आम्हांला शिकवतील, की नवा पोरगा आणतील?”

मी विद्यार्थ्याकडे पाहिले. शाळेत गणित चुकले की तो असाच मान खाली घाली.

“मालकांना तुमचंच नाव सांगितलंय मावशी,” तो म्हणाला. “अजून होय म्हणाले नाहीत. आज संध्याकाळी पुन्हा विचारतो.”

“भिंगातला तडापण दाखव की त्यांना,” बाई म्हणाल्या, “आणि तो कणीएवढा तुकडा कडेला कुणी बसवला, तेही विचार.”

त्यांनी पुढचे पॅनेल उचलले. ह्या खेपेस दोन्ही हात चरेच्या अगदी जवळ धरून, फार सावकाश वाकविले.