अंघोळीच्या पाण्याचा हिशेब

आमचे घर पाच माणसांचे. कापूस-तुरीची कोरडवाहू शेती आणि न्हाणीघरात सासूबाईंच्या वेळचा तांब्याचा बंब. मागच्या थंडीत थोरल्या लेकाने पाणी तापवायचा विजेचा रॉड आणला आणि घरात दोन तट पडले. सासूबाई म्हणाल्या, "अंगणात पऱ्हाटीचा ढीग फुकट पडलाय, विजेला पैसे कशाला?" लेक म्हणाला, "आईच्या डोळ्यांत धूर जातो त्याचं काय?" शेवटी मीच वही घेऊन बसले.

माणशी १५ लिटर पाणी २० अंशांवरून ४० अंशांवर न्यायचे. एक लिटर पाणी एक अंशाने तापायला एक किलोकॅलरी लागते, म्हणजे पाच जणांना १,५०० झाल्या. विजेच्या एका युनिटात ८६० असतात. थोडी गळती धरली की रोजची दोन युनिटे, महिन्याची ६०. आता बिल बघा. पहिल्या १०० युनिटांना एक दर आणि त्यापुढच्या युनिटांना जवळजवळ दुप्पट. आमची ८० युनिटे एरवीच जळतात. म्हणजे साठातली वीसच स्वस्तात बसली, उरलेली चाळीस महागात. सगळे आकार धरून पाण्याचेच सहाशेच्या वर गेले.

ह्यांनी तालुक्याहून पेलेटचे पोते आणले. पऱ्हाटी-भुसकट दळून, दाबून केलेल्या या बोटाएवढ्या कांड्या. किलोत सुमारे ४,००० किलोकॅलरी. पंख्याच्या शेगडीत निम्मी उष्णता वाया गेली असे धरले, तरी एक किलो म्हणजे सव्वादोन युनिटे. आपल्या गावचा किलोचा भाव सव्वादोनाने भागा आणि युनिटाच्या दराशी ताडून पाहा. आम्हाला अकरा रुपयांनी मिळाले, महिन्याला अडीचशेत भागले. बंबात मात्र ते नीट जळत नाहीत, जाळीतून खाली पडतात. शेगडीचे पैसे वेगळे.

राहिली फुकटची पऱ्हाटी. ती उपटायची, वाहायची, मोडायची आणि राख काढायची. ही मजुरी बाईची, म्हणून वहीत कोणी लिहीत नाही. पण माझ्या मते त्याहून मोठा खर्च शेतात आहे. पऱ्हाटीवर राहिलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्त बसते. अंगणातला ढीग पावसाळ्यापर्यंत राहिला की पतंग निघून नव्या कपाशीवर जातात. २०१७ च्या हंगामात या अळीने विदर्भात काय केले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. सासूबाईंपुढे हे मांडले, तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मग तुराटी जाळू."

तेच ठरले. बंबाला तुराटी, तिच्यात ही अळी राहत नाही. पऱ्हाटी जानेवारीत पेलेटवाल्याच्या गाडीत गेली. भाव फारसा मिळाला नाही, पण अंगण मोकळे झाले. (२०२१ साली केंद्र सरकारने औष्णिक वीज केंद्रांना कोळशात ५ टक्के पेलेट मिसळायला सांगितले. तिथे एका किलोतून जेमतेम दीड युनिट वीज निघते. आपल्याच पऱ्हाटीने पाणी तापवायचे, तर ते तारेतून येण्यापेक्षा शेगडीतच बरे.)

रॉड माळ्यावर आहे. पावसाळ्यात तुराटी ओलसर झाली की निघेल, कारण जळणातले किलोभर पाणी नुसते वाफ होऊन जायलाच ५४० किलोकॅलरी खाते आणि धूर होतो तो वेगळा. तेव्हा पंखे बंद असतात, शंभराच्या आत बसू असा अंदाज आहे.