डबल शीट

रात्रीचे साडेअकरा. बोटांच्या पेरांतली शाई अजून गेलेली नाही.

आज मशीन दर पन्नास-साठ कागदांमागे थांबत होतं. पॅनेलवर तोच दिवा: डबल शीट. हात घालून पाहावं, तर कागद एकच! सकरचे रबर बदलले, हवा कमी-जास्त केली, गठ्ठा पुन्हा फुलवून लावला. पावसाळ्यात दमट कागद चिकटतोच, म्हणून सगळा राग त्याच्यावर काढला. बिचारा निर्दोष होता.

दुपारी तर सेन्सर बंदच करून टाकावा असं मनात आलं. पण खरोखर दोन कागद आत गेले, तर ब्लँकेट दबतं, आणि ते बदलण्यात वेळ जातो. हात मागे घेतला.

चहा घेऊन आलेल्या काकांनी विचारलं, "काल काय छापलंस?"

"सत्तर जीएसएमचा मॅपलिथो."

"आणि आज एकशेतीसचा आर्ट. मग डोळ्याला सांगितलंस का?"

नव्हतं सांगितलं. खालून प्रकाश जातो, कागदातून वर किती पोचला यावरून सेन्सर एक की दोन ते ठरवतो. कालच्या पातळ कागदाच्या मापाने आजचा जाड कागद त्याला मधूनमधून दोन वाटणार. त्यात काचेवर कागदाची भुकटी, म्हणजे अंधार आणखी दाट. मऊ फडक्याने काच पुसली, एकच कागद ठेवून सेटिंग केलं. मग मुद्दाम दोन कागद जोडून तीनदा घातले. तिन्ही वेळा मशीन थांबलं.

काका तोवर गार झालेला चहा परत गरम करायला गेले होते.